बालराजाचं चित्र नेमकं कोणाचं?

सवाई माधवराव पेशव्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांचा जन्म झाला आणि मे महिना सरण्याआधी साताऱ्याहून वस्त्रं येऊन पोचली. वडील नारायणराव आदल्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले होते. चुलत आजोबा रघुनाथराव गादीवर हक्क सांगत फौज घेऊन फिरत होते. कारभार बारभाईंनी हाती घेतला होता. ज्यांच्या नावानं वस्त्रं आली त्या साताऱ्याच्या छत्रपतींकडेही तेव्हा नावापलीकडे फारसं काही उरलेलं नव्हतं. आणि पाळण्यातल्या मुलाच्या नावानं पुण्यातून हुकूम सुटू लागले.

पुढे १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं या पेशव्यांचं तैलचित्र काढलं. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. गादीवर बसलेले तरुण पेशवे, अंगावर मोत्यांचे सर, शेजारी नाना फडणवीस, मागे सेवक. आपल्यापैकी अनेकांनी हे चित्र कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, पुस्तकात, कॅलेंडरवर, नाहीतर फोनवर फिरणाऱ्या एखाद्या संदेशात. त्याखाली बहुधा पेशवाईच्या वैभवाविषयी एखादी ओळ असते. वैभव होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण पेशव्यांच्या जन्माआधीपासून कारभार पाहणारा माणूस त्याच चित्रात त्यांच्या शेजारी बसलेला आहे, आणि चित्रातल्या अठरा वर्षांच्या मुलाचं आयुष्य आता जेमतेम तीन वर्षं उरलं आहे, हे ती ओळ सांगत नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून सवाई माधवराव गेले. तो अपघात होता की त्यांनी स्वतःला झोकून दिलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. नानांची त्यांच्यावर कडक देखरेख होती, याबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

ज्याच्या हाती राज्य आलेलं नाही अशा राजाचं चित्र केवळ 'अमुक महाराज, तैलरंग' एवढ्या पाटीखाली टांगणं म्हणजे पाहणाऱ्याला अर्धीच गोष्ट सांगणं आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या वेळी राजाचं वय काय होतं, त्याच्या नावावर राज्य कोण करत होतं आणि हे चित्र कोणाला हवं होतं, हे त्या पाटीवर यायलाच हवं. संग्रहालयात यायला हवं आणि पाठ्यपुस्तकातही यायला हवं. प्रौढ राजा आपलं चित्र स्वतः काढून घेतो. आपण कसं दिसावं हे तो स्वतः ठरवतो आणि त्यातल्या खोटेपणाची जबाबदारीही त्याचीच असते. मुलाला यातलं काहीच ठरवता येत नाही. त्याला कोणीतरी सजवतं, उभं करतं, त्याच्या हातात तलवार देतं. म्हणूनच अशा चित्रात सत्तेची मांडणी जितकी उघडी पडते तितकी ती प्रौढ राजाच्या चित्रात पडत नाही. फक्त ती वाचायला लागणारी माहिती पाहणाऱ्याच्या हाती द्यावी लागते.

हान्स होल्बाइननं काढलेलं इंग्लंडच्या राजपुत्र एडवर्डचं चित्र पाहा. १५३९ च्या नववर्षाची भेट म्हणून ते आठव्या हेन्रीला देण्यात आलं आणि आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. एडवर्डचा जन्म ऑक्टोबर १५३७ चा, म्हणजे तेव्हा हे मूल सव्वा वर्षाचंसुद्धा नव्हतं. अंगावर सोनेरी कलाकुसरीचा लाल पोशाख, डोक्यावर पिसाची टोपी. एका हातात सोन्याचा खुळखुळा आहे, पण तो राजदंड धरावा तसा धरलेला. दुसरा हात प्रजेला आशीर्वाद द्यावा तसा वर केलेला. खाली रिचर्ड मॉरिसन या दरबारी विद्वानाच्या लॅटिन ओळी आहेत. बाळा, वडिलांचं अनुकरण कर, त्यांच्या गुणांचा वारस हो, याहून मोठं जगात काही नाही, असा त्यांचा आशय. ज्याला अजून दोन शब्द जोडता येत नाहीत त्या मुलाला उद्देशून हे लॅटिन लिहिलेलं आहे. ते वाचणार होता त्याचा बाप. मुलगा व्हावा म्हणून ज्यानं एक लग्न मोडलं, रोमच्या चर्चशी नातं तोडलं आणि दुसऱ्या राणीचा शिरच्छेद करवला, त्या बापाला त्याच्या सगळ्या खटाटोपाचं फळ चौकटीत बसवून दिलेलं होतं. नवव्या वर्षी एडवर्ड राजा झाला आणि सत्ता मामाकडे, एडवर्ड सीमोरकडे गेली. विल्यम स्क्रॉट्स या चित्रकारानं नंतर या पोरसवद्या राजाला थेट बापाच्या ढबीत उभं केलं. पाय फाकलेले, छाती पुढे काढलेली. पंधराव्या वर्षी, १५५३ मध्ये, तो वारला. स्वतःच्या मनानं राज्य करण्याचा काळ त्याच्या वाट्याला आलाच नाही.

पण माझ्या मते या सगळ्या चित्रपरंपरेतलं सर्वांत प्रामाणिक चित्र स्पेनमधलं आहे. स्पेनचा थोर दरबारी चित्रकार वेलाझ्केझ याचा जावई हुआन बाउतिस्ता देल मासो यानं ते १६६६ मध्ये काढलं आणि ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सप्टेंबर १६६५ मध्ये चौथा फिलिप मेला तेव्हा त्याचा वारस दुसरा कार्लोस चार वर्षांचाही नव्हता, आणि जन्मापासून दुबळा होता. मृत्युपत्राप्रमाणे राणी मारियाना मुलाच्या वतीनं कारभार पाहू लागली. मासोच्या चित्रात पुढे, मोठ्या आकारात ती बसली आहे. जोगिणीसारखा दिसणारा काळा-पांढरा वैधव्याचा वेश, दागिना नाही, हातात अर्जाचा कागद, पायाशी कुत्रा. ती कामात असलेली बाई आहे. आणि राजा कुठे आहे? पडद्यापलीकडच्या दालनात, दूर, अगदी लहान. भोवती दाया आणि सेवक, जवळ खेळण्यातली बग्गी. पहिल्या नजरेत तो दिसतही नाही. राज्य कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या हातात आहे, हे चित्रकारानं दोन आकृतींमधल्या अंतरातून सांगितलं आहे. राणीला आपण असं दाखवलेलं हवं होतं हे उघड आहे, कारण कारभारावरचा तिचा हक्क दरबारातल्या अनेकांना मान्य नव्हता. तरीही चित्र खोटं बोलत नाही, आणि मुलालाही मूलच राहू देतं.

त्यानंतर काही वर्षांतच हुआन कार्रेन्यो दे मिरांडा या दरबारी चित्रकारानं याच कार्लोसला माद्रिदच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात उभं केलं. अंगावर काळा पोशाख, लांब फिकट केस. मागे गरुडांनी पेललेले आरसे, शेजारी सिंहांनी तोललेलं मेज. गरुड आणि सिंह मिळून साम्राज्याचं सगळं बळ दाखवतात आणि त्यांच्यामध्ये एक अशक्त पोर उभं आहे. मासोच्या चित्रातला मुलगा खेळतो आहे, कार्रेन्योच्या चित्रातला मुलगा कामाला लावलेला आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कोणाही शाळकरी मुलाला विचारलं तरी त्याला हा फरक सांगता येईल, यावर माझा विश्वास आहे. हाच कार्लोस १७०० मध्ये निपुत्रिक वारला आणि त्याच्या वारशासाठी अर्धा युरोप बारा-तेरा वर्षं लढत राहिला.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडच्या अशा चित्रांत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती महत्त्वाची आहे. मुलाच्या नावावर सत्ता चालवणारे आणि त्याचं चित्र मागवणारे यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस एक नवा भिडू आला, ईस्ट इंडिया कंपनी. फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाच्या वेळी टिपू सुलताननं आपले दोन लहान मुलगे, अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन, कंपनीचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याच्याकडे ओलीस म्हणून पाठवले. या प्रसंगाची इंग्रज चित्रकारांना भुरळच पडली. रॉबर्ट होम तिथे हजर होता. पण हेन्री सिंगलटन आणि मॅदर ब्राउन यांनी तर हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता लंडनमध्ये बसून हा प्रसंग रंगवला. या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतो तो प्रेमळ, वडीलधारा कॉर्नवॉलिस आणि त्याच्यापुढे आलेली गोजिरवाणी, दागिन्यांनी मढलेली मुलं. बापाचं अर्धं राज्य नुकतंच काढून घेतलं आहे, ही गोष्ट या मायेच्या देखाव्यात विरघळून जाते. त्या युद्धात कंपनीबरोबर निजाम होता आणि आपणही होतो. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन तिथे होते. मराठी माणसानं ही चित्रं पाहताना तेवढं ध्यानात ठेवावं.

आपण त्या युद्धात कसे ओढले गेलो, याचंही चित्र आहे. १७९० मध्ये पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट यानं पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह केला. त्या दरबाराचं भव्य चित्र असावं असं मॅलेटला वाटलं आणि ते काम त्यानं वेल्सकडे सोपवलं. वेल्स मुंबईत आला १७९१ मध्ये, म्हणजे तो दरबार त्यानं पाहिलेलाच नव्हता. त्यानं माणसांची एकेक करून रेखाटनं केली, पण १७९५ मध्ये तोही वारला, सवाई माधवराव गेले त्याच वर्षी. शेवटी थॉमस डॅनियल या चित्रकारानं हे चित्र इंग्लंडमध्ये पुरं केलं आणि १८०५ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लोकांपुढे आलं. आज ते टेट गॅलरीच्या संग्रहात आहे. चित्रात सोळा वर्षांचे पेशवे आहेत, समोर तहाचा कागद घेतलेला मॅलेट आहे, भोवती दरबारी दाटीनं बसले आहेत, गणेश महालाचा थाट आहे. दोन बरोबरीच्या सत्ता तह करत आहेत असंच कोणालाही वाटावं. पण १८०५ साल आठवा. चित्रातले पेशवे जाऊन दहा वर्षं झाली होती, नाना १८०० मध्येच गेले होते. १८०२ चा वसईचा तह होऊन दुसरे बाजीराव इंग्रजांच्या फौजेच्या आसऱ्याला गेले होते. आसई आणि लासवारी इथल्या मराठे-इंग्रज लढाया होऊन गेल्या होत्या. लंडनकरांनी चित्र पाहिलं तेव्हा त्यातली बरोबरी संपलेली होती. मॅलेटच्या कारकिर्दीचं ते स्मारक होतं आणि पेशव्यांची त्यातली जागा त्या स्मारकाच्या गरजेनुसार ठरली होती. आपण मात्र शनिवारवाड्याचा दरबार कसा दिसायचा याचा पुरावा म्हणून ते वापरतो. काही अंशी तो पुरावा आहेही. पगड्या, अंगरखे, बैठकीची रीत यांसाठी इतिहासकारांना ते उपयोगी पडतं. पण चित्र कोणाच्या पैशानं आणि कोणासाठी झालं हे सांगितल्याशिवाय पुरावा वाचता येत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारं चित्र पुण्याचं नाही, पंजाबचं आहे. महाराजा दुलीपसिंग पाचव्या वर्षी गादीवर आला. आठव्या-नवव्या वर्षी, पहिल्या शीख युद्धानंतर, कारभार इंग्रज रेसिडेंटकडे गेला आणि आई महाराणी जिंदकौरला त्याच्यापासून तोडण्यात आलं. २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. राज्य गेलं, कोहिनूर गेला. पुढे तो ख्रिस्ती झाला आणि १८५४ मध्ये इंग्लंडला पोचला. तिथे राणी व्हिक्टोरियाच्या सांगण्यावरून, तेव्हा युरोपातल्या राजघराण्यांचा लाडका असलेला चित्रकार विंटरहाल्टर यानं बकिंगहॅम राजवाड्यात त्याला पूर्णाकृती रंगवलं. डोक्यावर रत्नजडित फेटा, कमरेला तलवार, गळ्यात मोत्यांच्या माळा, पाठीमागे पूर्वेकडचा म्हणून रंगवलेला दूरचा देखावा. गळ्यातल्या पदकात व्हिक्टोरियाचंच चित्र आहे, एमिली ईडननं काढलेलं, हिऱ्यांत बसवलेलं. मुलगा अजून वाढेल असं धरून विंटरहाल्टरनं त्याला होता त्याहून उंच दाखवलं. तो तेवढा उंच कधीच झाला नाही. चित्राच्या बैठका सुरू असतानाच पैलू पाडून लहान झालेला कोहिनूर त्याच्या हातात देण्यात आला. त्यानं तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि राणीला परत दिला. ही हकीकत त्याचा सांभाळ करायला नेमलेल्या पालकांच्या घरच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे.

राज्य असताना या मुलाला राजा म्हणून काही करू दिलं नाही. ते गेल्यावर मात्र राजेपणाचा सगळा साज त्याच्या अंगावर चढवला आणि त्याचं हे रूप राजवाड्याच्या संग्रहात ठेवून घेतलं. चित्र सुंदर आहे. विंटरहाल्टरचा रेशमावरचा आणि मोत्यांवरचा हात विलक्षण आहे, मुलाच्या चेहऱ्यावरचं कोवळेपण त्यानं टिपलं आहे, आणि राणीला त्या मुलाबद्दल जिव्हाळा होता हेही तिच्या लिखाणावरून दिसतं. यातलं काहीच नाकारायची गरज नाही. पण जिव्हाळ्यानं आणि सौंदर्यानं ती घटना बदलत नाही. आईची त्याची पुन्हा भेट झाली ती १८६१ मध्ये, कलकत्त्याला. तिला तो लंडनला घेऊन गेला आणि १८६३ मध्ये ती तिथेच वारली. तिचा देह घेऊन तो हिंदुस्थानात आला, पण पंजाबात जायला त्याला परवानगी नव्हती. म्हणून तिच्या अस्थी गोदावरीत, नाशिकला विसर्जित झाल्या. पुढे १९२४ मध्ये नातीनं, राजकन्या बंबानं, तिचे अवशेष लाहोरला रणजितसिंगांच्या समाधीपाशी नेले. नाशिकच्या घाटावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी किती जणांना पंजाबच्या शेवटच्या महाराणीची ही गोष्ट कोणी सांगितली असेल? विंटरहाल्टरच्या चित्राची कहाणी त्या घाटापर्यंत येते आणि पाटीवर त्यातलं एक अक्षर नसलं तर ते चित्र फक्त एका देखण्या परदेशी राजपुत्राचं उरतं.

१ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्या वेळी संस्थानांमध्ये २१ तोफांच्या सलामीचा सर्वोच्च मान तिघांना होता, हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदा. या तिन्ही गाद्यांवर अल्पवयीन मुलं होती. निजाम महबूब अली खान दहा वर्षांचा, म्हैसूरचा चामराजेंद्र आणि बडोद्याचे सयाजीराव तेरा वर्षांचे. तिघांच्याही वतीनं दिवाण, कारभारी आणि इंग्रज अधिकारी राज्य चालवत होते. साम्राज्याला याहून सोयीचं काय असणार? सम्राज्ञीपुढे झुकायला हिंदुस्थानातले सर्वांत मोठे राजे आले होते आणि ते शाळकरी वयाचे होते. व्हॅल प्रिन्सेप या चित्रकाराला या दरबाराचं प्रचंड चित्र काढण्याचं काम मिळालं. त्यासाठी तो संस्थानोसंस्थानी फिरला, राजेलोकांना समोर बसवून त्यांचे चेहरे टिपत गेला आणि मग ते सगळे एका कॅनव्हासवर त्यानं एकत्र आणले. त्या झगमगाटात मुलं आणि मोठे सारखेच दिसतात. झगमगाटाचा उपयोग तोच होता.

सयाजीरावांची गोष्ट आपल्या जवळची आहे. नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ, काशिराव गायकवाडांचा मुलगा. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर त्यांच्याआधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी मे १८७५ मध्ये त्याला दत्तक घेतला. बारा वर्षांच्या या शेतकऱ्याच्या पोराचं तोवर शिक्षण म्हणण्यासारखं काही झालेलं नव्हतं. मग एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास सुरू झाला आणि कारभार तंजावरच्या मराठी घराण्यातले दिवाण सर टी. माधवराव पाहू लागले. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. त्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्याला आले आणि त्यांनी तरुण महाराजांना रंगवलं. माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते, रविवर्म्यांना तिथपासून ओळखत होते, त्यामुळे हा योग जुळला. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांचा मोठा संग्रह आजही आहे. तिथली चित्रं पाहताना मला एका गोष्टीचं समाधान वाटतं. त्यातला तरुण नुकताच स्वतःच्या अधिकारानं गादीवर बसलेला आहे आणि त्याच्या पुढच्या कारकिर्दीनं त्या चित्राला अर्थ दिला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयं, तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती, हे सगळं नंतरचं. १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जपुढे जाताना याच सयाजीरावांनी दागिने बाजूला ठेवले, जुजबी मान लववली आणि पाठ फिरवून ते चालते झाले. ते दृश्य चित्रफितीत आलं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत गहजब झाला. तेराव्या वर्षी याच मुलाला दिल्लीत सजवून बसवलं होतं हे ठाऊक असेल तर त्या पाठ फिरवण्याचं वजन कळतं.

सगळ्यांच्या वाट्याला असं आयुष्य आलं नाही. सयाजीरावांच्याच वयाचा, १८६३ मध्येच जन्मलेला, एक मराठा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला होता, चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेड लागल्याचं सरकारनं ठरवलं. त्यांचे हाल होत आहेत आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं टिळक आणि आगरकरांनी 'केसरी' आणि 'मराठा'मधून मांडलं. त्यांच्या हाती आलेली पत्रं कोर्टात टिकली नाहीत, बदनामीचा गुन्हा शाबीत झाला आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रं खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले असताना, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत हे वीस वर्षांचे छत्रपती मरण पावले. त्यांच्या बाबतीत रंगवलेला थाट लोकांना काय सांगणार होता? जे थोडंफार बाहेर आलं ते या दोन वर्तमानपत्रांनी जोखीम पत्करली म्हणून.

माझ्या या मागणीवर दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. एक, चित्र आधी चित्र म्हणून पाहावं, पाटीवर इतिहासाचा धडा कशाला. यात तथ्य आहे. पाटीवर पानभर मजकूर लिहिला की लोक चित्र सोडून पाटीच वाचत उभे राहतात, हे मीही पाहिलं आहे. पण मी पान मागत नाही, तीन ओळी मागतो. 'चित्रकाळी वय १६. कारभार नाना फडणवीसांकडे. हे चित्र रेसिडेंट मॅलेटनं करवून घेतलं.' एवढं वाचून कोणाचा रसभंग होणार आहे? उलट, एवढं कळलं की माणूस पुन्हा वर पाहतो. कोण कोणाकडे बघतंय, कोण किती जवळ बसलंय, मुलाचा हात कुठे ठेवला आहे, हे सगळं नव्यानं दिसायला लागतं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आपल्या राजांना दुबळं दाखवू नका, लोकांच्या भावना दुखावतात. यावर माझं उत्तर स्पष्ट आहे. चाळीस दिवसांच्या बाळाकडे किंवा दहा वर्षांच्या मुलाकडे सत्ता नव्हती असं म्हणण्यात त्याचा कसला अपमान? उलट, जे त्यानं केलंच नाही त्याचं श्रेय आणि जे त्याच्या नावावर दुसऱ्यांनी केलं त्याचा दोष त्याच्या माथी मारणं, हा खरा अन्याय आहे. आपण दुलीपसिंगला कोहिनूर 'देणारा' म्हणत राहिलो, सवाई माधवरावांना तह 'करणारे' म्हणत राहिलो. दहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा मुलगा. आज शाळेतल्या या वयाच्या मुलाच्या सहीनं झालेला साधा करारही कायदा मानत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच संग्रहालयांत आणि राजवाड्यांत अशी चित्रं आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाटीवर नाव, माध्यम आणि झालंच तर चित्रकार, एवढंच असतं. चित्रात दोन माणसं असली तर दुसऱ्याचं नावही अनेकदा नसतं. हे सुधारायला ना मोठा निधी लागतो ना नवी इमारत. वय जन्मतारखेवरून काढता येतं. कारभार कोणाकडे होता हे कुठल्याही बऱ्या बखरीत नाहीतर इतिहासाच्या पुस्तकात मिळतं. चित्र कोणी करवून घेतलं हे शोधायला थोडे कष्ट पडतात, पण ज्या संस्था ही चित्रं जपतात त्यांच्याकडे ते कागद बहुतेक वेळा असतात. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत तर हे आणखी सोपं आहे. चौथी-सातवीच्या पुस्तकात बालराजाचं चित्र छापताना त्याखाली त्याचं वय छापावं, आणि स्वाध्यायात एक प्रश्न घालावा, 'या चित्रात सत्ता कोणाकडे आहे असं तुम्हाला वाटतं, आणि का?' चित्रातल्या राजाच्याच वयाची मुलं या प्रश्नाचं उत्तर लिहिणार आहेत. ती काय लिहितात ते वाचायला मला फार आवडेल.